पराक्रमी आजोबा आणि त्यांची नातवंडे : महाराष्ट्रातील पूर्वजस्मरणाचा इतिहास

महाराष्ट्रातील घराण्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांची आठवण कशी जपली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासकाला दोन वेगळ्या प्रकारची साधने हाताळावी लागतात. एकीकडे देवघरातील टाक, गावकुसाबाहेरचे वीरगळ, श्राद्धाचा संकल्प आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी निघणारे वीर अशी विधींच्या आश्रयाने टिकलेली साधने आहेत, तर दुसरीकडे करीने, शकावल्या, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि कुलवृत्तांत अशी लेखनाच्या आश्रयाने टिकलेली साधने आहेत. या दोन्हींत घराबाहेर पडून जिवावर उदार झालेला पूर्वज ठळकपणे दिसतो, कारण त्याच्या पराक्रमातूनच वतन, मान किंवा देवघरातील स्थान निर्माण झालेले असते. तोच पूर्वज मुलाबाळांसाठी झुरणारा बाप आणि नातवंडांत रमणारा आजोबा म्हणून मात्र क्वचितच समोर येतो. कुटुंबावरील त्याची माया नोंदवून ठेवावी असे कोणाला वाटले नाही, कारण तिच्यावर कोणाचा दावा नव्हता आणि तिच्याविषयी कोणाचा वादही नव्हता. तरीही साधने बारकाईने वाचली तर ही माया पराक्रमाच्याच नोंदींत गुंफलेली आढळते, आणि साहस व कुटुंबवत्सलता या जुन्या मराठी समाजात एकमेकींच्या विरोधी गोष्टी नव्हत्या, किंबहुना बहुतेक साहसे कुटुंबासाठीच केली गेली, असे म्हणण्यास पुरेसा आधार मिळतो.

धर्मशास्त्राने स्मरणाची मर्यादा तीन पिढ्यांची ठरवली आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह, म्हणजे वडील, आजोबा आणि पणजोबा, यांचा नाव आणि गोत्र घेऊन उच्चार होतो व त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपांत कल्पिले जाते. नवीन मृताचे सपिंडीकरण झाले, म्हणजे त्याचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळला गेला, की सर्वांत जुना पूर्वज नावानिशी पिंड घेणाऱ्यांतून बाहेर पडतो आणि सामान्य पितरांत सामील होतो. त्यामुळे कितीही मोठा पराक्रम केलेला पुरुष असला तरी पणतवंडांनंतर विधीत त्याचे नाव उरत नाही. या नियमाला पूरक अशी सोय पंचांगाने केलेली आहे. भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, प्रत्येकाचे श्राद्ध त्याच्या मृत्युतिथीला करण्याचा प्रघात असला तरी शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली आहे आणि तिला घातचतुर्दशी असे म्हणतात. ज्या प्रदेशातील तरुण पिढ्यान् पिढ्या मोहिमांवर जात राहिले, तेथे ही तिथी किती घरांत पाळली गेली असेल याची कल्पना करता येते. परदेशी गेलेल्या आणि वर्षानुवर्षे वार्ता न लागलेल्या माणसासाठी पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर संस्कार करण्याचा पालाशविधीही शास्त्राने सांगितला आहे. त्याआधी दीर्घकाळ वाट पाहावी असा दंडक आहे, आणि त्या दंडकात घरच्यांच्या आशेलाही जागा ठेवलेली दिसते.

तीन पिढ्यांची ही मर्यादा ओलांडण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ प्रयत्न म्हणजे वीरगळ होय. लढाईत, गुरे पळवून नेणाऱ्यांचा प्रतिकार करताना किंवा गावाचे रक्षण करताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेला वीरगळ म्हणतात. तिच्यावर बहुधा एकावर एक अशी तीन किंवा चार शिल्पपटले असतात. तळाच्या पटलात झुंज किंवा धारातीर्थी पडलेला वीर, मधल्या पटलात त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर दाखवलेला असतो, तर शिखराजवळ चंद्रसूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते असेतोवर ही कीर्ती टिकावी असा अभिप्राय असतो. सातारा जिल्ह्यातील किकली येथे वीरगळांचा मोठा समूह आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले असून अनेक अभ्यासकांनी त्याचा संबंध तेराव्या शतकातील शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षाशी जोडला आहे, तर काही अभ्यासक ही शिल्पे त्याहून जुनी मानतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाहीत. ज्यांनी ते उभारले त्यांना नाव लिहिण्याची गरज भासली नाही, कारण गावात ते नाव सर्वांना ठाऊक होते. पुढे घराणी उठून गेली, वस्त्या हलल्या आणि शिळा अनामिक झाल्या. तरीही अनेक गावांत त्यांना शेंदूर लावला जातो व सणावाराला नैवेद्य दाखवला जातो, म्हणजे नाव विसरले गेले तरी नाते विसरले गेलेले नाही.

वीरगळ गावाचा असतो, तर टाक घराचा असतो. टाक म्हणजे चांदीच्या, तांब्याच्या किंवा पितळेच्या लहान पत्र्यावर ठसा उठवून तयार केलेली प्रतिमा. देवघरात कुलदेवतांच्या टाकांशेजारी घराण्यातील पूर्वजांचे टाकही ठेवलेले असतात, आणि लढवय्या घराण्यांत पूर्वजाचा टाक बहुधा हातात शस्त्र घेतलेल्या घोडेस्वाराच्या रूपात असतो. रोजच्या पूजेत खंडोबा आणि भवानी यांच्याबरोबर पणजोबांच्या पणजोबांनाही गंधफूल मिळते, आणि श्राद्धाच्या संकल्पातून गळून गेलेला पुरुष अशा रीतीने देवघरात राहतो.

या टाकांना घराबाहेर आणून त्यांच्याशी नाते ताजे करण्याची एक विलक्षण प्रथा नाशिकमध्ये आजही चालू आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, ज्या घराण्यांत कोणी पूर्वज वीरगतीला गेला असे मानले जाते ती घराणी आपले वीर बाहेर काढतात. देवघरातील टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल वस्त्रात बांधतात आणि घरातील एखाद्याच्या, पुष्कळदा लहान मुलाच्या, हाती देतात. मुलाला देवाचा किंवा ऐतिहासिक पुरुषाचा पोशाख चढवतात, वाजतगाजत होळीभोवती नाचवतात आणि मग मिरवणूक गोदावरीकडे जाते, जेथे रामकुंडात टाकांना स्नान घालून त्यांची पूजा करतात. या मिरवणुकीतील सर्वांत प्रसिद्ध वीर दाजिबा असून त्याला बाशिंगे वीर असेही म्हणतात. लग्नाची हळद अंगावर असतानाच तो मारला गेला अशी त्याची कथा सांगतात, आणि म्हणूनच त्याच्या मिरवणुकीत बाशिंग व हळद यांना महत्त्व असते. ज्याला संसार लाभला नाही त्याच्याकडे लग्न जुळावे म्हणून नवस बोलतात, हे लोकमानसाच्या करुणेचे लक्षण मानले पाहिजे. या प्रथेत पूर्वजाला हाती धरणारे मूल त्याच्यापासून कित्येक पिढ्या दूर असते, त्याला त्या पुरुषाचे नावही अनेकदा माहीत नसते, परंतु आपल्या घरात कोणी तरी असा होऊन गेला ही जाणीव त्याला पुस्तक वाचण्यापूर्वी मिळते. इतिहासलेखनाच्या दृष्टीने या प्रथेची जितकी दखल घेतली जायला हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

नातवाने आजोबांना जिवंत ठेवण्याचा आणखी एक मार्ग नावाचा होता. आजोबांच्या निधनानंतर जन्मलेल्या नातवाला त्यांचेच नाव देण्याची रीत महाराष्ट्रात सर्व थरांत रूढ होती. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा नातू बाळाजी बाजीराव झाला आणि पहिल्या बाजीरावाचे नाव त्याचा नातू दुसऱ्या बाजीरावाला मिळाले. छत्रपती संभाजी महाराजांच्या मुलाचे नावही आजोबांवरून शिवाजी असेच ठेवले होते, शाहू हे नाव त्याला पुढे चिकटले. घरातील सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही या दंडकामुळे अशा मुलाला नानासाहेब, रावसाहेब, दादा असे हाकेचे नाव द्यावे लागे. त्यामुळे एकाच मुलाला दोन नावे मिळत, एक आजोबांचे आणि एक स्वतःचे, आणि मराठी इतिहासाच्या वाचकाला वंशावळीत होणारा घोळ याच प्रेमळ प्रथेतून निर्माण झालेला आहे.

या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण भोसले घराण्यात सापडते. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत मारले गेले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांनी पुढे तंजावरची गादी मिळवली, तेव्हा त्यांच्या मुलांत एक शहाजी आणि दुसरा सरफोजी झाला, म्हणजे आजोबा आणि त्यांचा रणात पडलेला भाऊ हे दोघेही कावेरीच्या काठी पुन्हा नांदू लागले. शहाजीराजांचे आयुष्य हे सतराव्या शतकातील दख्खनच्या सर्व धोक्यांतून गेलेले आयुष्य होते. निजामशाही सावरण्यासाठी त्यांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून मोगल आणि आदिलशाही या दोन्ही सत्तांशी झुंज दिली. 1636 मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर हा डाव संपल्यानंतर ते आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले आणि बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले. एक कुटुंब पुण्याच्या जहागिरीत, एक कर्नाटकात, अशी त्यांच्या संसाराची विभागणी झाली. जिजाबाई आणि शिवाजी यांना पुण्याकडे ठेवणारे शहाजीराजे कुटुंबापासून दुरावले होते असा समज पुष्कळ लोकप्रिय लेखनातून पसरला, तो साधनांच्या कसोटीवर टिकत नाही, आणि याचे एक महत्त्वाचे प्रमाण भोसल्यांच्या नव्हे तर जेध्यांच्या कागदांत आहे.

जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख होते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या दऱ्यांना मावळ किंवा खोरे म्हणत, आणि त्या भागातील सारा गोळा करणे, गावांचे तंटे मिटवणे व प्रसंगी माणसे घेऊन लढणे ही देशमुखाची कामे होती. या कामांबद्दल त्याला मिळणारा वंशपरंपरागत हक्क म्हणजे वतन. वतनावर भाऊबंदांत आणि शेजारच्या घराण्यांत सतत तंटे चालत, आणि तंटा सभेपुढे गेला की प्रत्येक पक्षाला आपला हक्क कसा व कधीपासून चालत आला ते सांगावे लागे. ही हकीकत लिहून दिली म्हणजे तिला करीना म्हणत आणि सभेने गावकऱ्यांच्या साक्षीने दिलेल्या निर्णयपत्राला महजर म्हणत. यामुळे मराठी मुलखात आजोबांची गोष्ट सांगणे हे केवळ भावनेचे काम राहिले नाही. जो नातू आजोबांचा पराक्रम तिथीवार सांगू शकत नव्हता त्याचे वतन धोक्यात येत होते. बहुतेक घराण्यांचे सर्वांत जुने लिखित स्मरण याच गरजेतून निर्माण झाले आहे आणि म्हणून त्यात भांडण, मारामारी आणि सरकारचाकरी यांचा भरणा आहे.

जेधे करीन्याचे वैशिष्ट्य असे की या हक्काच्या भाषेतूनही घरातील माणसे डोकावतात. कान्होजी जेधे तान्हे असताना भाऊबंदकीत त्यांचे आईवडील मारले गेले आणि निष्ठावंत माणसांनी मुलाला लपवून वाचवले, अशी हकीकत तेथून येते. पुढे कान्होजी शहाजीराजांच्या पदरी राहिले. 25 जुलै 1648 रोजी जिंजीजवळ आदिलशाही सरदार मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले, तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर कैदेत पडले. 16 मे 1649 रोजी सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात परत पाठवले आणि आपल्या मुलाच्या पाठीशी उभे राहण्यास सांगितले. स्वतः आदिलशाहीची चाकरी सोडू न शकणाऱ्या बापाने मुलासाठी पाठवलेली ही मदत होती. तिच्यामागचा जिव्हाळा कोणत्याही काव्यात वर्णिलेला नाही, तो एका देशमुखाने वतनाच्या कामासाठी लिहून ठेवलेल्या कागदात सापडतो.

दहा वर्षांनी त्या जिव्हाळ्याची परीक्षा झाली. अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून येत असताना आदिलशहाने मावळच्या देशमुखांना खानाला मिळण्याचे फर्मान पाठवले, आणि कान्होजींना आलेले फर्मान 16 जून 1659 चे आहे. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले. वतन वाचवायचे असेल तर खानाला मिळा, असे महाराजांनी स्वतःच त्यांना सुचवले, तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, म्हणजे हक्काचा त्याग जाहीर केला. यानंतरची गोष्ट इतिहासग्रंथांत एका वाक्यात उरकली जाते, परंतु या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. महाराजांनी कान्होजींना आपला कुटुंबकबिला तळेगावास सुरक्षित हलवण्याची सूचना केली आणि तसे करण्यात आले. पाच मुले रणात आणि बायका व नातवंडे आडबाजूच्या गावी अशी ही व्यवस्था होती. ज्याने वतन सोडले त्याने घर सोडलेले नव्हते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखान मारला गेल्यावर संकट टळले आणि कान्होजींना तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे दरबारी मानपानात अग्रस्थानाचा, सन्मान मिळाला.

या घराण्याने करीन्याबरोबर एक शकावलीही जपली. शकावली म्हणजे शक, महिना आणि तिथी देऊन घटनांची केलेली क्रमवार नोंद. 1618 ते 1697 या काळातील घटना देणारी जेधे शकावली कारी येथील घराण्याच्या दप्तरातून लोकमान्य टिळकांना मिळाली आणि 1916 मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनातून छापली गेली. शिवाजी महाराजांची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 ही जन्मतिथी तिच्यात आहे आणि आज महाराष्ट्र शासन शिवजयंती याच तारखेला साजरी करते. एका घराण्याने आपल्या वाडवडिलांच्या नोंदीसाठी ठेवलेल्या कागदाने संपूर्ण प्रदेशाचे कॅलेंडर ठरवले, एवढे मोल या घरगुती स्मरणाला आहे.

शहाजीराजांचा शेवट 23 जानेवारी 1664 रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून झाला. बखरी सांगतात की ही वार्ता आल्यावर जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून त्यांना अडवले. चौतिशीचा राजा आईच्या मांडीवर बसतो, असे लिहिणाऱ्या बखरकाराला राजकारणाइतकेच घरही दिसत होते. होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आजही आहे. त्यांची स्मृती पुढे दोन दिशांनी वाढली. महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंदाने रचलेल्या संस्कृत शिवभारताची सुरुवातच मालोजी आणि शहाजी यांच्या चरित्राने होते, म्हणजे नातवाच्या गौरवासाठी आजोबांपासून प्रारंभ करण्याची पद्धत तेथे पाळली आहे. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये यांचा राधामाधवविलासचंपू वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, आणि त्यातून अनेक भाषांतील कवींना आश्रय देणारा एक रसिक पुरुष समोर आला. तंजावरला 1803 मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भव्य मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. मुळापासून स्वतःपर्यंतच्या पिढ्यांची हकीकत सांगणारा हा लेख बाबूराव चिटणीस यांच्याकडून लिहवून घेतला होता आणि त्याची गणना जगातील अत्यंत मोठ्या शिलालेखांत होते. त्या वेळी तंजावरची खरी सत्ता इंग्रजांच्या हाती गेलेली होती. राज्य हातचे गेलेल्या वंशजाने पूर्वजांना अशा मंदिराच्या भिंतीवर नेऊन ठेवले की जेथून त्यांना कोणी हलवू शकणार नाही, आणि या कृतीमागील आर्तता त्या लांबलचक गद्याच्या ओळीओळीतून जाणवते.

राजे आणि देशमुख यांच्याकडे चिटणीस आणि दप्तरे होती. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्यासाठी स्मरण हा काही लोकांचा व्यवसाय होता. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगाव या पट्ट्यात हेळवी नावाचा भटका समाज शेतकरी घराण्यांच्या वंशावळी सांभाळत आला आहे. सुगीनंतर बैल घेऊन हेळवी गावात येतो, घराण्याच्या मूळ पुरुषापासून आजच्या मुलापर्यंतची नावे तोंडपाठ म्हणून दाखवतो, गेल्या फेरीनंतर जन्मलेल्या मुलांची नोंद करतो आणि धान्याच्या रूपाने मोबदला घेतो. मूळ पुरुष कोणत्या गावाहून आला, दुष्काळात की भांडणात गाव सोडले, कोणत्या देवाला बरोबर आणले, ही माहिती त्याच्याकडे असते. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याच्या घरातही दहाबारा पिढ्यांची नावे टिकली ती या फिरत्या माणसांमुळे, आणि मराठी इतिहाससंशोधनाने त्यांचे ऋण पुरेसे मान्य केलेले नाही.

दुसरा व्यवसाय तीर्थोपाध्यायांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग आणि गया येथील उपाध्याय आपल्या यजमानांच्या नोंदी वह्यांत ठेवत. यात्रेकरू आला की तो कोणत्या गावचा व कोणत्या आडनावाचा हे विचारून जुनी वही काढली जाई, त्याच्या आजोबांचा किंवा पणजोबांचा हस्तलेख त्याला दाखवला जाई आणि खाली त्याचा नवा लेख घेतला जाई. या लेखात स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे नाव, भाऊ, मुले आणि बरोबर आलेली माणसे यांचा उल्लेख असे, आणि जुन्या वह्यांतील असे लेख मोडी लिपीत आहेत. रेल्वेपूर्वीच्या काळात काशीयात्रा हे जीवघेणे साहस होते, परतण्याची खात्री नसल्यामुळे माणसे निरवानिरव करून निघत. त्यामुळे त्या वहीतील आजोबांची सही ही त्यांच्या धाडसाची खूण असते आणि त्याच सहीखाली लिहिलेली मुलांची, भावांची नावे ही त्या धाडसात ते कोणाला सोबत घेऊन गेले होते याची खूण असते.

या यात्रांपैकी एकीचे सविस्तर वर्णन मराठीला लाभले आहे. पेणजवळच्या वरसई गावचे वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे 1857 मध्ये चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल अशी बातमी होती. वाटेत उठावाचा वणवा पेटला. इंग्रजांनी झांशी घेतली तेव्हा ते शहरातच होते, लुटले गेले, कत्तलीतून वाचले, आणि तरीही काशीपर्यंत जाऊन त्यांनी गंगाजलाची कावड भरली. ती कावड खांद्यावरून मैलोन् मैल वाहत त्यांनी वरसईला आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. धन मिळवण्याचा मूळ हेतू पुष्कळसा फसला होता, कावड मात्र पोचली. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी उतारवयात ही हकीकत लिहिली, वैद्यांनी ती संपादित करून 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापली आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये तिची आवृत्ती काढली. इतिहासकारांनी या ग्रंथाकडे प्रामुख्याने सत्तावन्नच्या उठावाचे साधन म्हणून पाहिले, ते योग्यच आहे, परंतु तो एका कर्त्या मुलाने कर्ज फेडण्यासाठी केलेल्या प्रवासाचा वृत्तांतही आहे, आणि कुटुंबवत्सल माणूस साहसाकडे कसा ओढला जातो हे मराठीत इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलाने स्मरणाला पुन्हा एकदा पुराव्याचे रूप दिले. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले आणि इनाम व वतने धारण करणाऱ्या घराण्यांना मूळ सनदा, वंशावळी आणि कैफियती, म्हणजे हक्काची लेखी निवेदने, सादर करावी लागली. अनेकांची इनामे गेली, परंतु या सक्तीमुळे माळ्यावरचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, खाली उतरले. पुढच्या पिढीत राजवाड्यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आणि 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी घरोघरच्या दप्तरांना प्रतिष्ठा दिली. याच वातावरणात विसाव्या शतकात कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार बहरला. एका आडनावाच्या सर्व शाखांची वंशावळ, मूळ गाव, गोत्र, कुलस्वामिनी आणि प्रत्येक ज्ञात पुरुषाची छोटी माहिती असे त्याचे स्वरूप असते. कोकणातून देशावर, देशावरून बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर आणि तंजावरकडे गेलेल्या माणसांची पावले त्यात सलगपणे पाहता येतात.

कुलवृत्तांतातील चरित्रटिपा जुन्या करीन्यांपेक्षा एका बाबतीत निराळ्या आहेत. त्या लिहिताना संपादकांनी हयात नातवंडांना पत्रे पाठवून माहिती मागवली, त्यामुळे आजोबांना पोहण्याचा छंद होता, ते पायी नर्मदा परिक्रमा करून आले, धाकट्या भावांची शिक्षणे त्यांनी पुरी केली, सुटीत सर्व नातवंडांना गोळा करीत, अशी वाक्ये प्रथमच छापील इतिहासात आली. हक्क सिद्ध करण्याची गरज संपल्यावरच आजोबांच्या मायेला नोंदीत जागा मिळाली. मात्र या प्रकारची एक मोठी उणीव दीर्घकाळ टिकली. जुन्या कुलवृत्तांतांत मुलींची नावे फार कमी ठिकाणी आढळतात आणि लग्नानंतर त्यांची संतती तर पूर्णपणे दुसऱ्या कुळात जमा होते, त्यामुळे आईच्या वडिलांशी असलेले नाते कागदावर उरत नाही. वास्तविक परंपरेला हे नाते मान्य होते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, मुलीच्या मुलाने आपल्या आजोबांचे श्राद्ध करण्याची रीत असून त्या दिवसाला आजेपाडवा म्हणतात, आणि ज्याचे वडील हयात आहेत अशा मुलालाही हे श्राद्ध करता येते, इतके ते जवळचे मानले आहे. इतिहासातही असे आजोबा आहेत. मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर हे कान्होजी जेध्यांचे सासरे होते अशी परंपरा आहे, त्यांची समाधी सासवडला दाखवतात, आणि फत्तेखानाशी झालेल्या ज्या संघर्षात त्यांना मरण आले असे मानले जाते त्यातच त्यांचा नातू बाजी जेधे याने पराक्रम करून सर्जेराव हा किताब मिळवला असे सांगतात. एकाच रणात लढलेले हे आजोबा आणि नातू आडनावे वेगळी असल्यामुळे दोन निरनिराळ्या वंशावळींत विभागले गेले. अलीकडे निघालेल्या काही कुलवृत्तांतांच्या सुधारित आवृत्त्यांत लेकी, जावई आणि त्यांची मुले यांची नावे घातली जाऊ लागली आहेत, आणि ज्या घराण्यांनी अजून तसे केलेले नाही त्यांच्या घरातील वृद्ध स्त्रिया हयात आहेत तोवर ही नावे त्यांच्याकडून लिहून घेणे शक्य आहे.